अकरा दिवसांचं तापमान

तिचं सगळं काम समुद्राचं, पण समुद्रावर ती आयुष्यात दोनदाच गेली होती आणि दोन्ही वेळा बोट लागून आडवी झाली होती. त्यामुळे तिच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, भिंतीवर समुद्राचे नकाशे होते आणि खिडकीतून दिसायची फक्त समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. उपग्रह वरून जाताना समुद्राच्या पाठीवरून निघणारी उष्णता टिपतात. त्या नोंदींवरून पाणी कुठे किती गरम, कुठे किती गार हे काढायचं, ही तिची नोकरी.

तिचे बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे फार सोपं करून सांगायचे. "आमची मुलगी समुद्राला थर्मामीटर लावते. आठशे किलोमीटरवरून." मग जरा थांबून, "आम्ही हातानं लावायचो," असंही म्हणायचे.

बाबांची अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेली होती. निवृत्त झाले तेव्हा ते सेकंड मेट होते, म्हणजे कप्तान आणि चीफ ऑफिसर यांच्या खालचा अधिकारी. पण गल्लीत सगळे त्यांना कप्तान म्हणत आणि बाबांनी ही चूक आजवर कुणाची दुरुस्त केली नव्हती. औषधाच्या दुकानातल्या पावतीवरसुद्धा 'कप्तानसाहेब' असंच लिहिलेलं असायचं. आई म्हणायची, "राहू दे. घरात तरी कुठे हुकूम चालतो त्यांचा."

आईबाबा खालच्या मजल्यावर, ती आणि तिचा नवरा वरच्या. बाबा तिला लहानपणापासून 'मोजणी' म्हणत. पाच वर्षांची असताना शिवणाच्या टेपनं ती घरातलं सगळं मोजत सुटायची. टेबल, मांजर, झोपलेले बाबा. आता ती बेचाळीस वर्षांची होती, केसांत पांढरं डोकावत होतं, तरी जिन्यातून हाक यायची ती मोजणी म्हणूनच.

त्या वर्षी तिच्या गटानं जुन्या नोंदी सुधारायचं काम हाती घेतलं होतं. छत्तीस वर्षांपूर्वी एका मोठ्या ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. त्याच्या वायूंचा आणि राखेचा पातळ पडदा वर आकाशात दोन वर्षं तरंगत राहिला आणि त्या पडद्यातून बघणाऱ्या उपग्रहांना सगळा समुद्र आहे त्यापेक्षा गार दिसला. गढूळ चष्म्यातून बघावं तसं. ही चूक काढायची तर कुणीतरी प्रत्यक्ष पाण्यात थर्मामीटर बुडवलेलं हवं. तेव्हा ते जहाजवाले करत. कॅनव्हासची बादली दोरीनं समुद्रात सोडायची, भरून वर ओढायची, सावलीत ठेवून थर्मामीटर बुडवायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. अशा हजारो जहाजांच्या वह्या आता संगणकावर आल्या होत्या. उपग्रहाचा आकडा आणि बादलीचा आकडा शेजारी शेजारी ठेवायचे, फरक बघायचा, उपग्रहाला तेवढं वर उचलायचं.

एका भागात मात्र काही जुळेना. मोकळ्या समुद्राचा एक लांबट पट्टा उपग्रहाला आजूबाजूपेक्षा तीन अंश गार दिसत होता. आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथून गेलेलं एकुलतं एक जहाज सांगत होतं, पाणी नेहमीसारखंच आहे, अठ्ठावीस अंश आणि वर काही. संगणकानं नियमाप्रमाणे जहाजावर विश्वास ठेवला होता आणि पट्टा गरम करून टाकला होता.

तिला ते आकडे खटकले. अकरा दिवसांचे बावीस आकडे, रोज दुपारी बाराचा आणि रात्री बाराचा. समुद्राचे आकडे थोडे धसमुसळे असतात. एखादा दशांश वर, दोन खाली, ढग आला की थोडं गार. हे बावीस मात्र शिस्तीत एकामागे एक उभे होते. तिनं सहज त्या काळी जहाजांवर मिळणारं सरासरी तापमानांचं छापील पुस्तक उघडलं. बावीसच्या बावीस आकडे त्यातून उतरवलेले होते, दशांशासकट.

लबाडी करणारी जहाजं तिनं आधीही पाहिली होती. थंडीत कोण बाहेर जातो म्हणून आत बसून आकडे ठोकणारे अधिकारी सगळीकडे असतात. तिनं सवयीनं खूण करायला हात पुढे केला आणि त्या जहाजाची चार अक्षरी रेडिओ-खूण तिच्या नजरेला पडली. लोक फोन नंबर पाठ करतात तशी ती खूण तिला पाठ होती. लहानपणी बाबांना पत्र पाठवायचं तर पाकिटावर जहाजाच्या नावाखाली ती लिहायची असा तिचा स्वतःचाच नियम होता.

मूळ वहीच्या पानाचं छायाचित्र तिनं उघडलं. पोटात आडवी रेघ असलेला सात. खुर्चीसारखा चार. हे आकडे तिनं शाळेच्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीशेजारी, वाणसामानाच्या याद्यांवर, तिच्या लग्नाच्या पाहुण्यांच्या यादीत पाहिले होते. त्या अकरा दिवसांच्या आधीची आणि नंतरची सगळी पानंही तिनं वाचली. इतक्या काळजीनं घेतलेली मापं तिनं क्वचितच पाहिली होती. एके ठिकाणी तर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बादली उन्हात राहिली, वाचन बाद धरावे.' असा माणूस, आणि मध्येच अकरा दिवस खोटं.

तिच्या गटाच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. केसांत खोचलेली पेन्सिल दिवसभर शोधत फिरणाऱ्या, पण आकड्यातली चूक दारातूनच ओळखणाऱ्या. तिनं त्यांना सगळं सांगितलं, वडिलांचं हस्ताक्षर आहे हेसुद्धा. मॅडमनी पान नीट पाहिलं. मग म्हणाल्या की ही बावीस वाचनं काढून टाकणं सोपं आहे, तो प्रश्नच नाही. प्रश्न पट्ट्याचा आहे. जहाज खोटं असेल तर उपग्रहाला दिसलेला गारवा खरा असू शकतो, किंवा सगळा ज्वालामुखीच्या पडद्याचाही असू शकतो. साक्षीला तिसरं कुणीच नाही.

"नोंदी बंद व्हायला पंधरा दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "वडिलांना विचार. पण चौकशी बसवल्यासारखं नको. त्यांच्या वयाला तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर लागतं."

ती दोन दिवस काही बोलली नाही. जिन्यात बाबा भेटले की घाईत असल्यासारखं करायची. तिसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा त्यांच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून टेबलफॅन उघडून बसले होते. फॅन बिघडलेला नव्हता, पण त्यांना त्याच्या आवाजाबद्दल शंका होती. तिनं पानाची छापील प्रत पात्यांशेजारी ठेवली.

बाबांनी चष्मा वर केला, पान जवळ घेतलं आणि खूश झाले. कुठून मिळालं, कागद किती पिवळा पडलाय, अक्षर बघ कसं होतं, असं बरंच बोलले. मग तारीख वाचली. स्क्रूड्रायव्हर त्यांनी उगाचच पुसून डबीत ठेवला.

पहिल्यांदा ते चिडले. इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरता, तुमच्या उपग्रहाला दिसत नाही तो आमचा दोष का, बादली ओढून बघा म्हणजे कळेल, असं सगळं झालं. ती ऐकत राहिली. मग तिनं एवढंच सांगितलं की तिच्याजवळ त्या जहाजाची दोन वर्षांची पानं आहेत, आणि तिनं पाहिलेल्या नोंदींत सगळ्यात चांगल्या नोंदी त्यांच्या आहेत, ही अकरा दिवसांची सोडून.

"म्हणून विचारतेय," ती म्हणाली. "आळस केला असता तर सगळीकडे केला असता ना, बाबा."

बाबांनी फॅनचं एक पातं हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. त्या सफरीत त्यांच्या पुढून एक वादळ गेलं होतं आणि जहाज त्याच्याच वाटेनं, अर्ध्या वेगानं, मागोमाग चाललं होतं. वारा पडला होता, पण लाटा अजून उंच होत्या. दुपारी बाराच्या मापाची वेळ झाली. वही वेळेवर भरलेली असणं हा बाबांचा अभिमान होता. त्यांनी बादली सोडायला एका खलाशाला पाठवलं. तो सगळ्यांत वयस्कर, म्हणून सगळं जहाज त्याला मामा म्हणायचं. मामा म्हणाला, साहेब, आज राहू दे. बाबा म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे.

मामानं बादली सोडली. जहाज कलंडलं, एक लाट डेकवर चढली, तिनं मामाला उचलून कठड्यावर आपटलं आणि पाय मोडला. बादलीची दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली होती आणि बादली भरून खाली ओढत होती. बाबा धावले. एका हातानं कठडा आणि एका हातानं मामाचा कमरेचा पट्टा धरून ते पडून राहिले. दोघं जण येऊन दोरी कापेपर्यंत. किती वेळ ते त्यांना सांगता येत नव्हतं.

"रात्री बाराला मी कुणालाच पाठवलं नाही. दुपारचं आणि रात्रीचं, दोन्ही पुस्तकातून लिहिलं. ते मी चूक मानत नाही. अजूनही मानत नाही." त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. "पण तीन दिवसांत समुद्र शांत झाला, मोजणी. तळ्यासारखा झाला. मग मी स्वतः जायचं ठरवायचो, आणि कठड्यापासून चार पावलांवर पाय थांबायचे. पुढचे आठ दिवस मी रोज दोनदा नवी बादली घेऊन बाहेर जायचो, चार पावलांवर उभा राहायचो आणि कोरडी बादली घेऊन परत यायचो. कुणाला कळू नये म्हणून आधी ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथल्या, नळाखाली ती ओली करायचो."

तिनं वर्तमानपत्रावरचे स्क्रू आकारानं लावायला घेतले. बाबाही मदतीला आले. बाराव्या दिवशी काय झालं, असं तिनं विचारलं. बाराव्या दिवशी बंदर आलं, बाबा म्हणाले. पुढच्या सफरीपासून नियमानं जमलं, कसं ते त्यांनाही ठाऊक नाही.

दारात आई कधीपासून उभी होती दोघांनाही कळलं नव्हतं. ती आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"म्हणून तुम्ही गच्चीच्या कठड्याजवळ कपडे वाळत घालायला जात नव्हता," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं मी त्याला आळस समजतेय."

बाबा म्हणाले की त्यात थोडा आळसही होता.

ते तेवढ्यावर मिटलं असतं. ती वाचनं बाद होणार, पट्ट्यापुढे प्रश्नचिन्ह राहणार. पण संध्याकाळी बाबा वर आले, चपला न काढताच दारात उभे राहिले आणि म्हणाले, की त्या पाण्याचं तापमान जहाजावर आणखी एका माणसानं मोजलं होतं. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढतात. ते आत येतानाचं तापमान इंजिनरूममध्ये रोज लिहिलं जातं. आणि त्यांचा चीफ, म्हणजे चीफ इंजिनिअर, असा माणूस होता की ऑफिसची वही वेगळी आणि स्वतःची वेगळी ठेवायचा.

मग त्याला फोन करू, ती म्हणाली. तर बाबा घुटमळले. चीफशी त्यांचं छत्तीस वर्षांत बोलणं नव्हतं. त्याच सफरीत, त्या अकरातल्या पाचव्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर चीफ म्हणाला होता, माझ्या पाइपातलं पाणी पंचवीस अंश आणि सेकंडसाहेबांच्या बादलीतलं अठ्ठावीस, बादली आधी चहा करून आणतात वाटतं. सगळे हसले. बाबा ताडकन उठून म्हणाले होते, तुझं थर्मामीटर भंगारात टाक. त्याआधी दोघं चार जहाजं एकत्र हिंडले होते. एकाच्या लग्नात दुसरा मिरवला होता.

"मी खोटा होतो आणि आवाजही मीच चढवला," बाबा म्हणाले. "आता फोनवर काय बोलू?"

"फोनवर नका बोलू," ती म्हणाली. "जाऊन बोला. मी येते."

चीफचा पत्ता आईकडे निघाला. दोन्ही बायकांनी इतकी वर्षं एकमेकींना पत्रं आणि मग फोन चालूच ठेवले होते, फक्त नवऱ्यांना सांगितलं नव्हतं. बाबांना हा धक्का सगळ्यांत मोठा बसला. आईनं शांतपणे सांगितलं की भांडण तुमचं होतं, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

बसनं चार तासांचं अंतर होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दोनदा बदलला. वाटेत ते एकदाच बोलले. चीफ फार कमी बोलतो, म्हणाले, त्यामुळे त्याचं एक वाक्य आपल्या दहाला भारी पडतं, हे लक्षात ठेव.

चीफ एका छोट्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. दार उघडलं चीफच्या बायकोनं, म्हणजे बाबांच्या वहिनींनी. तिनं "या भावोजी, उशीर केलात" असं म्हटलं, जणू दुपारी जेवायला बोलावलेला माणूस संध्याकाळी आला होता. आत भिंतीवर पाने आणि पक्कडी आकारानुसार टांगलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली आरामखुर्चीत एक लांब, वाळका म्हातारा बसला होता. तो उठला नाही. गुडघे काम देत नव्हते, हे नंतर कळलं. बाबांना मात्र वाटलं की मुद्दामच उठला नाही.

चहा आला. वहिनी हवापाण्याचं बोलल्या, तीही बोलली. दोन्ही म्हातारे कपात बघत होते. शेवटी बाबांनी कप खाली ठेवला.

"तुझं थर्मामीटर बरोबर होतं," ते म्हणाले. "माझी बादली कोरडी होती. अकरा दिवस."

चीफनं मान हलवली. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"मामानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. पाय बांधत होतो त्याचा. म्हणाला, सेकंडसाहेबांनी माझा पट्टा सोडला नाही, आता त्यांना कठड्याकडे पाठवू नका." चीफ थोडा खोकला. "रोज बादली घेऊन उभा राहायचास ते मी खालच्या दारातून बघायचो."

बाबांचा चेहरा लाल झाला. "मग सगळ्यांसमोर का बोललास?"

"तू खोलीत येऊन भांडशील म्हणून. भांडताना सांगून टाकशील, असं वाटलं." चीफनं पहिल्यांदाच बाबांकडे सरळ पाहिलं. "तू आलाच नाहीस. मग मलाही राग आला. इतकी वर्षं एकत्र, आणि मला सांगण्यासारखं नाही असं ठरवलंस."

वहिनी बशा गोळा करून आत गेल्या, आणि तीही त्यांच्या मागोमाग उठली. आत ओट्याशी दोघी कप विसळत उभ्या राहिल्या. बाहेरून काही शब्द येत नव्हते. बऱ्याच वेळानं बाबांचं नाक शिंकरणं ऐकू आलं. मग चीफ काहीतरी म्हणाला आणि दोघंही खाकरत हसले. वहिनींनी डोळ्यांनीच तिला थोडं थांब असं सांगितलं आणि आधीच स्वच्छ असलेला एक कप पुन्हा विसळला.

त्या बाहेर आल्या तेव्हा पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढलेली होती आणि बाबा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. चीफ खुर्चीतून हुकूम सोडत होता. डावीकडची नाही, तिच्या खालची, हिरव्या पुठ्ठ्याची. वह्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर जहाजाचं नाव आणि सालं होती.

हिरव्या वहीत ते अकरा दिवस होते. रोजच्या चार नोंदी, इंजिनच्या तेलाच्या वासाच्या पानांवर, पेन्सिलनं. तेलाचा दाब, फेरे, आणि शेवटच्या रकान्यात आत येणाऱ्या पाण्याचं तापमान. तिनं स्वतःचे कागद पिशवीतून काढले आणि मोठ्यानं वाचू लागली. पडद्याची चूक काढून उपग्रहाचा आकडा पंचवीस पूर्णांक एक. चीफची वही पंचवीस चार. पुढचा दिवस, उपग्रह पंचवीस पूर्णांक दोन, वही पंचवीस सहा. वही रोज तीन-चार दशांशांनी वर होती.

"ते तसंच असणार," चीफ म्हणाला. "इंजिनरूमची ऊब लागते पाइपाला. जास्त दाखवेल, कमी कधीच नाही."

म्हणजे तिथलं पाणी खरोखर गार होतं. वादळ जाताना समुद्र खोलवर ढवळतं, खालचं थंड पाणी वर येतं आणि काही दिवस त्याची गार वाट मागे राहते. जहाज त्याच वाटेनं चाललं होतं. सहाव्या-सातव्या दिवशी दोन्हीकडचे आकडे हळूहळू चढायला लागले आणि अकराव्या दिवशी अठ्ठावीसच्या आसपास पोचले. ती वाचत गेली तसतसे बाबा तिच्या खांद्यावरून पुढे वाकत गेले. उपग्रहाला इतकं नेमकं दिसलं, ज्वालामुखीच्या धुरातून, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की आपण या गोष्टीत आरोपी आहोत हे ते विसरूनच गेले. अगं, पण ढग असतील तर, रात्री असेल तर, किती वेळानं परत येतो तो, असे प्रश्न त्यांनी सुरू केले. सतरा वर्षं ती ही नोकरी करत होती आणि बाबांनी तिला पहिल्यांदाच कामाबद्दल खरं काही विचारलं होतं. ती जमिनीवर बसून त्यांना सांगत राहिली. धुराचा पडदा सगळीकडे सारखा होता, त्याची चूक आजूबाजूच्या जहाजांवरून काढता आली होती. हा गारवा त्या चुकीत बसत नव्हता, म्हणून तर गोंधळ झाला.

परतीची शेवटची बस सहाची होती. बाबा म्हणाले, तू जा, मी उद्या येतो. ते तिसऱ्या दिवशी आले.

मॅडमनी वहीची छायाचित्रं एकदा पाहिली, मग पेन्सिल शोधून पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, असा साक्षीदार मिळत नाही. पट्टा पुन्हा गार झाला. त्या जहाजाची बावीस वाचनं बाद केली आणि चीफच्या वहीतली चव्वेचाळीस नवी म्हणून आत घेतली. फक्त एक रकाना उरला होता, वाचनं बाद करण्याचं कारण. तिनं तिथे 'प्रत्यक्ष वाचन उपलब्ध नाही' असं लिहून बाबांना दाखवलं. त्यांनी ते खोडलं आणि पोटात रेघ असलेल्या सातांच्या त्याच अक्षरात लिहिलं, 'सेकंड मेटनं पुस्तकातून उतरवली. पहिले तीन दिवस समुद्र खवळलेला होता. पुढचे आठ दिवस तो स्वतः घाबरलेला होता.'

तिनं सांगितलं की एवढं लिहायची गरज नाही, ही नोंद जगात कुणीही वाचू शकतं. बाबा म्हणाले, वाचू दे, खोटे आकडेही सगळ्यांनी वाचलेच ना. ती ते घेऊन मॅडमकडे गेली तेव्हा तिची अशी अपेक्षा होती की त्या सभ्य शब्दांत बदलतील. मॅडमनी एक अक्षर बदललं नाही. तिच्या टेबलापाशी येऊन त्या म्हणाल्या, त्यांना माझा नमस्कार सांग.

नव्या नोंदी प्रसिद्ध झाल्यावर चार-पाच महिन्यांनी एका दूरच्या विद्यापीठातून पत्र आलं. तिथे वादळांवर काम करणाऱ्या दोघांना तो गार पट्टा दिसला होता. त्या वादळाच्या आत सापडून वारा मोजणारं तेव्हा एकही जहाज नव्हतं, त्यामुळे वादळांच्या यादीत ते मध्यम म्हणून नोंदलेलं होतं. पण समुद्र इतका खोलवर ढवळला गेला असेल तर ते मध्यम नव्हतं. त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्या सालातलं ते सगळ्यात जोराचं वादळ असावं.

पत्र आलं त्या आठवड्यात चीफ आणि वहिनी पाहुणे म्हणून आले होते. गुडघ्यांसाठी खालच्या मजल्यावरच खाट टाकली होती आणि दिवसभर दोघांचं कुठलं जहाज कुठल्या साली कुठल्या बंदरात होतं यावरून चाललेलं असायचं. दुपारच्या चहाला तिनं पत्र वाचून दाखवलं. जहाज वादळाच्या किती मागे होतं याचा आकडाही त्यात होता. जेमतेम सव्वाशे किलोमीटर.

चीफनं बशीतली बिस्किटं सरळ रेषेत लावली. बाबा म्हणाले, की तेव्हा कप्तानानं सांगितलं होतं, किरकोळ आहे.

आई उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती एक घडी घातलेला कागद घेऊन बाहेर आली. चष्मा लावून तिनं तारीख पाहिली आणि मग बाबांकडे पाहिलं.

"त्या सफरीतलं तुमचं पत्र आहे," ती म्हणाली. "हवा छान आहे, असं लिहिलंय. मी उगीच काळजी करू नये."

चीफ इतका हसला की त्याला ठसका लागला आणि वहिनी पाठ चोळायला धावल्या. बाबांनी पत्र आईच्या हातातून घेतलं, पूर्ण वाचलं, नीट घडी घालून तिला परत दिलं, आणि अजून एक कप चहा मिळेल का असं विचारलं.